विटकरी कुंकू

एप्रिल 1991 मधला मंगळवार होता. वार पक्का लक्षात आहे, कारण सोमवारी आठवीचा इतिहासाचा पेपर झाला होता आणि गठ्ठा माझ्या टेबलावर पडला होता. दोन-तीन दिवस डाव्या डोळ्याच्या मागे ठसठसत होतं. डावीकडच्या गठ्ठ्यातून पेपर उचलायला नजर वळवली की आतून कोणीतरी डोळा ओढतंय असं वाटायचं. मंगळवारी सकाळी आरशासमोर कुंकू लावताना उजव्या डोळ्यात साबणाचं पाणी गेलं म्हणून तो मिटला, आणि आरशातल्या बाईच्या कपाळावर विटकरी ठिपका दिसला. फिका, उन्हात वाळलेल्या विटेसारखा. डोळे बदलून पाहिलं. उजव्याला लाल, डाव्याला विटकरी. डबीत पाहिलं, तिथेही तेच.

"अहो, जरा हा डोळा झाकून कुंकवाकडे बघा बरं," असं मी यांना म्हटलं. यांना दोन्ही डोळ्यांनी लालच दिसलं. शुक्रवारपर्यंत माझ्या डाव्या डोळ्यासमोर मधोमध राखाडी डाग बसला. माणसाकडे पाहिलं की त्याचे कान दिसत, नाक नाही.

पहिल्या डॉक्टरांनी नंबर वाढलाय म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी बाहुली मोठी करणारं औषध घातलं, दुर्बिणीतून आत पाहिलं, पडदा स्वच्छ आहे म्हणाले आणि यांच्याकडे वळून विचारलं, "घरात काही टेन्शन?" साताऱ्याचे तिसरे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी खोलीत अंधार केला आणि साधा टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर असा फिरवला. उजव्या डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या आकसत. तोच उजेड डाव्यावर आला की आकसायच्या ऐवजी त्या सैल पडत. मग त्यांनी औषधाच्या बाटलीचं लाल टोपण माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "दोन्ही डोळ्यांना सारखंच लाल?" मला रडूच आलं. ते म्हणाले, "बाई, डोळ्याच्या नसेला सूज आहे. सूज मागे आहे, त्यामुळे आत बघून कळत नाही. आमच्यात म्हणतात, या आजारात रोग्याला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही."

मी इतिहासाची शिक्षिका, आणि तीही वाईची. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो वाईत सापडलेल्या कागदांवर. नाना फडणविसांचं दप्तर इथून हाकेच्या अंतरावर, मेणवलीच्या वाड्यात होतं. बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद कुठाय ते विचारा, हे आम्ही पोरांना आठवीपासून पढवतो. त्या एप्रिलमध्ये मला पहिल्यांदा कळलं की दवाखान्यात माझं सांगणं म्हणजे बखर होती आणि समोरचा माणूस कागद मागत होता. या आजाराचा इतिहास मी नंतर जमेल तसा वाचत गेले, तो हाच धागा हातात धरून.

डॉक्टरांना जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहता यायला लागलं तेच मुळी 1851 च्या सुमाराला, हेल्महोल्त्झच्या उपकरणामुळे. नसेचं टोक जिथे पडद्यात उगवतं ती फिकट गुलाबी चकती त्यातून दिसते. बर्लिनच्या ग्रेफने पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या चकतीची सूज ओळखायला शिकवलं, आणि चकती स्वच्छ असूनही माणूस आंधळा होतो तेव्हा दुखणं डोळ्याच्या मागे, नसेतच असणार हे नेत्रवैद्य मानू लागले. काही आठवड्यांनी चकती पांढुरकी पडते, तेव्हा पुरावा मिळतो. पण तोवर बहुतेकांची नजर बरीचशी परत आलेली असते. कागद हाती येतो तो खटला निकाली निघाल्यावर.

या प्रकरणातला सगळ्यात चांगला कागद मात्र हेल्महोल्त्झच्याही आधीचा आहे, आणि तो रोग्याने स्वतः लिहिलेला आहे.

ऑगस्टस देस्ते हा तिसऱ्या जॉर्जचा नातू, व्हिक्टोरिया राणीचा चुलत भाऊ. जन्म 1794 चा. बाप ससेक्सचा ड्यूक, आई लेडी ऑगस्टा मरे. राजाच्या परवानगीवाचून केलेलं हे लग्न 1772 च्या कायद्याने बेकायदा ठरलं आणि मूल जन्मलं त्याच वर्षी रद्द झालं. म्हणजे राजाचा नातू, पण अनौरस. या माणसाने आपल्या दुखण्याची रोजनिशी ठेवली. केंब्रिजहून 1948 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, डग्लस फर्थ नावाच्या डॉक्टरने ती अभ्यासून लहानसं पुस्तक छापलं. माझ्या भाच्याने लंडनमधल्या एका वाचनालयातून त्याची झेरॉक्स आणून दिली. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती महिनाभर वाचली.

डिसेंबर 1822. देस्ते अठ्ठावीस वर्षांचा. एका वडीलधाऱ्या नातेवाइकाला भेटायला तो स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात जातो. त्या माणसावर त्याची मुलासारखी माया. पोचतो तर माणूस गेलेला. अंत्यविधीला गर्दी आहे, चारचौघांत रडायचं नाही म्हणून तो स्वतःशी झगडतो, तरी रडू फुटतंच. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात, उत्तरंही दुसऱ्याने लिहायची. बारीक वस्तूवर नजर रोखली की ती अंधुक होते. आणि इथे तो जे टिपतो त्याने मी पुस्तक बाजूला ठेवून उठले: वाचायला बसेपर्यंत किंवा लेखणीचं टोक तासायला घेईपर्यंत आपल्या डोळ्यांना काही झालंय याचा त्याला पत्ताच नव्हता. लेखणी तासताना त्याला कळलं, कुंकू लावताना मला.

पुढे तो आयर्लंडला जातो आणि काहीही उपचार न करता डोळे पूर्ण बरे होतात. 1826 मध्ये पुन्हा तसंच, पुन्हा बरं. 1827 मध्ये फ्लॉरेन्सला असताना एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. तिथला डॉक्टर पित्ताचं निदान करतो. कानशिलाला जळवा, जुलाब, वांती, दंडातून रक्त काढणं, सगळं यथासांग होतं. नजर सुधारते, पण पायातलं बळ रोज थोडंथोडं जातं, इतकं की तो पडतो आणि उठता येत नाही. मग दुसरा डॉक्टर येतो आणि पहिल्याच्या नेमकं उलट सांगतो: दिवसातून दोनदा बीफस्टेक, वर पोर्टर बिअर, पोर्ट, शेरी, मदिरा. त्यानेही तो बरा होतो! या आजाराची खोड अशी की चढतो आणि आपणहून उतरतो, त्यामुळे उतरणीला जो कोणी हजर असेल त्याचं औषध लागू पडतं. आमच्या वाईतही माझ्या बाबतीत एका अंगाऱ्याला, एका होमिओपॅथीच्या पुडीला आणि कृष्णेच्या घाटावरच्या एका नवसाला हे श्रेय मिळालेलं आहे. मी कोणाचंच काढून घेतलेलं नाही.

देस्तेची पुढची वीस वर्षं पायऱ्या उतरत जाण्याची आहेत. बधिरपणा, लघवीच्या तक्रारी, पायांत गोळे, काठी, आणि शेवटी चाकांची खुर्ची. बाप 1843 मध्ये वारला तेव्हा याने ड्यूकच्या पदवीवर हक्क सांगितला, तो 1844 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळला. तिथेही पुरावा कमी पडला असं म्हणता येणार नाही, कायदाच आडवा आला. डिसेंबर 1848 मध्ये तो गेला. आपल्याला काय झालंय ते त्याला कळलं नाही, कारण त्या आजाराला अजून नावच नव्हतं.

पंधराव्या शतकातल्या हॉलंडमधल्या लिडविना नावाच्या संतिणीलाही हाच आजार होता, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. मला ते पटत नाही. संतचरित्रातून निदान काढणं म्हणजे बखरीतून सैन्याचा आकडा काढण्यासारखं. देस्तेचं तसं नाही. तो तारीख लिहितो, गाव लिहितो, काय केल्याने कळलं ते लिहितो आणि कारण सांगायच्या फंदात फारसा पडत नाही. राजवाड्यांनी पास केला असता.

देस्ते खंगत होता त्याच काळात, 1838 मध्ये, रॉबर्ट कार्सवेल या स्कॉटिश डॉक्टरने विकृत अवयवांच्या चित्रांचं मोठं पुस्तक काढलं. त्यात एका मज्जारज्जूचं चित्र आहे, त्यावर जागोजागी तपकिरी डाग. पॅरिसमधल्या शवविच्छेदनात त्याने ते पाहिले. तो माणूस जिवंत असताना त्याने पाहिलेलाच नव्हता, त्याला फक्त अर्धांगवायूसारखं काही होतं एवढंच ठाऊक. म्हणजे लंडनमध्ये एकाकडे लक्षणांची रोजनिशी होती आणि दुसऱ्याकडे डागांचं चित्र. दोन्ही एकाच आजाराचे कागद, पण दप्तरं वेगळी.

ती दप्तरं पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्कोने 1868 मध्ये जोडली. त्याबद्दल फ्रॉइडने 1893 साली लिहिलेल्या मृत्युलेखात एक हकिकत आहे, ती मला फार बोचते. शार्कोने घरकामाला एक बाई ठेवली. तिचे हात विचित्र थरथरत आणि तिच्या हातून कपबश्या सारख्या फुटत. दुसऱ्या कोणी तिला काढून टाकलं असतं. शार्कोने तिच्या थरथरण्यात एका आजाराची ओळख पटवली आणि भांड्यांचा खर्च सोसत तिला ठेवून घेतलं. ती मेली, त्याने तिचा मज्जारज्जू उघडला आणि डाग दाखवले. बाईचं नाव फ्रॉइड देत नाही. फुटलेल्या भांड्यांची किंमत मात्र थोडीथोडकी नव्हती हे देतो.

शार्कोने आजाराचं जे नाव ठेवलं त्याचा अर्थ ठिकठिकाणी कडक झालेले चट्टे, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे त्याचंच इंग्रजी रूप. मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं, शरीराची संरक्षक यंत्रणाच ते कुरतडते, संदेश अडखळतो. सगळे डॉक्टर इथे विजेच्या वायरचं उदाहरण देतात. देऊ देत, सोपं आहे. डोळ्याची नस ही खरं तर मेंदूचाच बाहेर आलेला फाटा, म्हणून सुरुवात पुष्कळदा तिथून. याच शार्कोचं दुसरं मोठं नाव झालं ते हिस्टेरियावरच्या व्याख्यानांमुळे. आज डोळा जातो, महिन्याने येतो, उद्या हात बधिर, परवा ठीक, आणि तपासात काही नाही. असल्या बायकांच्या कपाळी पुढची कित्येक वर्षं हिस्टेरियाच लिहिला गेला. "घरात काही टेन्शन?" हा प्रश्न तिथूनच चालत आलेला आहे.

उटहॉफ हे नाव मला पांडवगडावर भेटलं, म्हणजे नाव नंतर कळलं, अनुभव आधी. 1994 च्या मार्चमध्ये मुलांची सहल घेऊन चढत होते. डावा डोळा तोवर जवळजवळ पहिल्यासारखा झालेला. अर्ध्या वाटेवर अंग तापलं आणि डाव्या डोळ्यासमोर चुलीच्या धुरासारखं दाटून आलं. झाडाखाली बसले, पाणी प्यायले, पंधरा मिनिटांत निवळलं. मग लक्षात आलं की न्हाण्याच्या दिवशी, बंबातलं कढत पाणी घेतलं की असंच होतं आणि मी ते वाफेवर ढकलत आले होते. विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रवैद्याने 1890 च्या सुमाराला या आजाराच्या शंभर रोग्यांचे डोळे तपासले. त्यांतल्या चौघांची नजर श्रमाने तात्पुरती अंधुक व्हायची, हे त्याने नोंदवून ठेवलं. त्याला श्रम हे कारण वाटलं. खरं कारण उष्णता, हे पुढच्यांनी शोधलं: वेष्टन गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जात असतो, अंगाचं तापमान जरासं वाढलं तरी तो अडतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही डॉक्टर संशयित रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वर येतात का ते बघत. बंबाची परीक्षाच म्हणायची. मेंदूचे एमआरआय निघू लागले तशी ती मागे पडली, ते बरंच झालं.

1991 मध्ये मला स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. तोंड सुजलं, भूक खवळली, दोन महिन्यांत नजर परत आली. त्या काळी सगळीकडे त्याच देत, माझ्या डॉक्टरांचा त्यात काही दोष नव्हता. गंमत अशी, की मी त्या गिळत होते तेव्हा अमेरिकेत 15 केंद्रांवर 457 रोग्यांवर नेमकी हीच चाचणी चालू होती. फेब्रुवारी 1992 मध्ये निकाल छापून आला: शिरेतून मोठ्या मात्रेत दिलेल्या स्टेरॉइडने नजर लवकर परतते, पण सहा महिन्यांनी पाहिलं तर नुसत्या दिखाऊ गोळ्या घेतलेलेही जवळपास तिथेच येऊन पोचतात. आणि तोंडाने घ्यायच्या साध्या मात्रेच्या गोळ्या एकट्या दिल्या तर सूज पुन्हा उलटण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट. जळवा आणि बीफस्टेकनंतर दीडशे वर्षांनी इथे कोणीतरी, औषध न देता काय होतं हेही शेजारी ठेवून पाहिलं होतं. त्याच रोग्यांचा पंधरा वर्षं पाठपुरावा झाला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत एकही डाग नव्हता त्यांच्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. एक जरी डाग होता त्यांच्यात शंभरातल्या 72 जणांना.

माझा एमआरआय तेव्हा झालाच नाही. "हा गोऱ्यांचा, थंड मुलखातला आजार, आपल्याकडे नसतो," असं मला एका मोठ्या डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं. वस्तुतः मुंबईच्या पारशी समाजाची पाहणी 1980 च्या दशकातच झाली होती आणि तिथे लाखात वीसहून जास्त रोगी सापडले होते. शोधलं की सापडतं. हेही खरं की आपल्याकडच्या काहींचा आजार निराळा निघाला. 1894 मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या देविकने डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू दोन्ही एकदम धरणारा आजार वर्णन केला होता. तो मल्टिपल स्क्लेरोसिसचाच प्रकार समजला जायचा. 2004 मध्ये त्याची रक्तातली खूण सापडली आणि तो वेगळा झाला. नुसतं नावच वेगळं नाही, एकाचं औषध दुसऱ्याला बाधूही शकतं.

माझ्या घरात सासऱ्यांच्या वेळचं लंबकाचं घड्याळ आहे. डोळा बरा झाल्यावर मला त्याचा लंबक सरळ रेषेत झुलताना दिसेना. तो पुढे येऊन मागे जायचा, कोणीतरी लंबगोल ढवळल्यासारखा. एक डोळा झाकला की सरळ. घड्याळजीला बोलावलं, त्याने बघून "घड्याळ ठीक आहे, वहिनी" म्हटलं आणि पैसेही घेतले नाहीत. पुष्कळ वर्षांनी कळलं की याला पुलफ्रिखचं नाव आहे. येना इथल्या झाइस कारखान्यातल्या या शास्त्रज्ञाने 1922 मध्ये समजावून सांगितलं की एका डोळ्याचा संदेश मेंदूला जरा उशिरा मिळाला तर सरळ झुलणारी वस्तू फिरताना भासते. त्याने स्वतः ते कधीच पाहिलं नाही, कारण तो एका डोळ्याने आंधळा होता. त्याने बाकीच्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला, एवढंच.

तो उशीर मोजायची रीत लंडनमध्ये 1972 ला निघाली. हॅलिडे, मॅक्डोनल्ड आणि मुशिन यांनी रोग्यांना डोक्यामागे तारा चिकटवून बुद्धिबळासारखा, घरं उलटसुलट होणारा काळा-पांढरा पट बघायला बसवलं आणि मेंदूच्या मागच्या भागात लाट कधी उठते ते टिपलं. निरोगी डोळ्याची लाट साधारण 100 मिलिसेकंदांना उठते. सूज येऊन गेलेल्या डोळ्याची उशिरा, आणि नजर परत आल्यावरही उशिराच. बारीक अक्षर वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो, पण लाट उशिराच येते.

1997 मध्ये पेपर तपासायला मान खाली घातली की पाठीतून झणकन वीज उतरायला लागली, मग कमरेला करकचून पट्टा आवळल्यासारखं झालं. पुण्यात एमआरआय झाला, डाग दिसले आणि आजाराला नाव मिळालं. इंटरफेरॉनची इंजेक्शनं निघाली होती, त्यांची किंमत माझ्या पगाराच्या गावची नव्हती. मी नशीबवान निघाले, आजार माझ्याकडे सावकाश चालला. आता हातात काठी आहे, खुर्ची नाही.

2019 मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी नव्या डॉक्टरांनी ती पटाची तपासणी करून घ्यायला सांगितली. जुनी फाइल मी मुद्दाम घरी ठेवली होती, म्हटलं बघू. तारा लावणारी मुलगी पंचविशीची असेल. एकेक डोळा झाकून तिने मला पट बघायला बसवलं, कागद छापून निघाला, आणि त्याच्याकडे बघत ती सहज म्हणाली, "आजी, तुमच्या डाव्या डोळ्याला खूप पूर्वी कधी सूज आली होती का?"

"एप्रिल 1991," मी म्हटलं. "मंगळवार होता."

तिने ते कागदावर लिहून घेतलं.